पोरं स्टार्टर घेतात, सेन्सर नाही

"आजकालच्या पोरांना शेतीत नवीन काही नको असतं" हे वाक्य मला अजिबात पटत नाही. आज दिवसभर चुलतभावाच्या उसात होतो. विहिरीवरच्या पेटीत सिमकार्ड घातलेला मोबाईल स्टार्टर आहे. मोटारीला लागणारी थ्री फेज लाईट आली की फोन वाजतो, अंथरुणातूनच मोटार चालू. शिवारातल्या बऱ्याच पोरांनी तो बसवलाय, कुणी सांगायला गेलं नव्हतं. रात्री दोनला बॅटरी घेऊन बांधावरून जाणं, साप-विंचवाची भीती, सगळं वाचतं.

मग ओलावा मोजणारा सेन्सर का नाही? चुलतभाऊ म्हणाला, "दादा, रान सुकलंय हे कळून काय करू? या आठवड्यात लाईट रात्रीची. आली की पाणी सोडायचं."

बरोबरच आहे त्याचं. पाणी कधी द्यायचं हेच हातात नाही, तर सेन्सरमध्ये पैसे का घालावेत? त्यात सातबारा अजून काकांच्या नावावर, म्हणजे मोठा खर्च त्यांना विचारूनच. दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. आमच्या फीडरवर, म्हणजे शिवाराला वीज देणाऱ्या लाईनवर, ती लवकर यावी. मग हाच पोरगा सेन्सरची चौकशी करेल, मला खात्री आहे.