बाई पायरीवर उभ्या होत्या

स्मरणिकेसाठी पानभर लिहून द्या, असा बेळगावच्या आमच्या शाळेतून फोन आला. शाळेचा इतिहास लिहायला जाणती मंडळी आहेत. मी बाईंवरच लिहिणार. कोणत्या बाई, हे आमच्या बॅचला सांगायला नको.

नववीत वाचनालयाच्या एका पुस्तकातलं नकाशाचं पान मी ब्लेडनं कापलं. दंड बसला माझ्याआधी ते पुस्तक नेलेल्या येळ्ळूरच्या पोराला. तो माझ्याच बाकावर बसायचा. चार दिवस त्याच्याशेजारी डबा खाताना घास उतरेना. शेवटी बाईंना सांगितलं.

बाई रागावल्या नाहीत. मधल्या सुट्टीत त्यांनी एक रशियन गोष्ट सांगितली. गहाणवट ठेवून घेणाऱ्या म्हातारीला एक विद्यार्थी कुऱ्हाडीनं मारतो, मध्येच आलेल्या तिच्या बहिणीलाही मारतो, आणि मग तापानं फणफणत गावभर फिरतो. लोक जिला नावं ठेवतात अशा एका पोरीला तो हे सांगतो. ती म्हणते, चव्हाट्यावर जा, मातीला ओठ लाव, मोठ्यानं कबूल कर. ‘चव्हाटा’ म्हटल्याबरोबर चव्हाट गल्लीतली दोन पोरं पलीकडं फिदीफिदी हसली. बाईही हसल्या.

मग म्हणाल्या, “जा की हेडसरांकडं. मी हितंच आहे.”

मी दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. बाई पायरीवर उभ्या होत्या. हातात खडूचा डबा, पदर खोचलेला. बोलल्या काहीच नाहीत. मी पुन्हा वळलो आणि आत गेलो.

दस्तयेव्हस्कीची ती १८६६ सालची कादंबरी, ‘क्राइम अँड पनिशमेंट’, मी वाचली ती बँकेत लागल्यावर. तो विद्यार्थी, रस्कोलनिकोव्ह, पोलीस ठाण्यातून कबुली न देताच बाहेर येतो, अंगणात ती पोरगी, सोन्या, उभी दिसते, आणि तो पुन्हा जिना चढतो. तिथं मी पुस्तक मिटलं.

आपल्या ‘एकच प्याला’तली सिंधू मरतानाही नवऱ्याचा गुन्हा झाकते. तिच्यासाठी आपण रडतो, पण सुधाकर काही वाचत नाही. सोन्या झाकत नाही. तीच त्याला पाठवते, आणि त्याच्यामागून सायबेरियातही जाते. मला हीच जास्त मायेची वाटते, कुणाला पटो न पटो.

मागं शहापूरला बाईंकडं कुंद्याची मिठाई घेऊन गेलो होतो. म्हटलं, “बाई, शेवट जरा घाईचा वाटतो. तो एकदम सुधारतोच.”

“कुठं सुधारतो? आठ वर्षांच्या सजेतली सात उरलीत की अजून. तिला तिथंच राहायचंय.”

आता मी शाखाधिकारी आहे, मुलगा पुण्याला. शाळेला रंग झालाय, वाचनालयाच्या खोलीत कॉम्प्युटर आलेत. मराठीच्या वर्गात पोरं किती, ते मी मोजलं नाही. ती पायरी मात्र फरशी घालून बुजवली. बुजवायला नको होती.

येळ्ळूरचा तो पोरगा समारंभाला येणार आहे. दंडाचे पैसे हेडसरांनी माझ्याकडून घेऊन त्याला दिले होते. पान अजून माझ्याकडंच आहे.