पित्ताशयाचं ऑपरेशन: बेंबीचं दुखणं आणि खांद्याचं दुखणं

पित्ताशयात खडे निघाले आणि दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं ठरलं. मला धास्ती होती ती शुद्धीवर आल्यानंतरच्या दुखण्याची. सासूबाईंचं पित्ताशय जुन्या पद्धतीने, बरगडीखाली मोठा छेद घेऊन काढलं होतं. त्यांचं कण्हणं आम्ही सगळ्यांनी ऐकलंय.

गंगापूर रोडच्या दवाखान्यात आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ मॅडम तपासायला आल्या. मी सरळ विचारलं, "जाग आल्यावर किती दुखेल?" त्या खुर्ची ओढून बसल्या. "ताई, पोटावर चार भोकं पडतील. बेंबीपाशी जास्त दुखतं. भोकांच्या कडेने कातडीत आणि खालच्या थरांत आम्ही ब्युपिव्हाकेन नावाचं बधिर करायचं औषध देतो. काही तास ती जागा बधिर राहते." मग वजन लिहून घेतलं, कारण याचा डोस वजनावर ठरतो, प्रमाणाबाहेर गेलं तर मेंदूला आणि हृदयाला धोका असतो. दात काढताना बधिर करायचं इंजेक्शन घेतलं होतं का, तेव्हा काही त्रास झाला का, हेही खोदून विचारलं. असं काही झालं असेल तर कृपा करून लपवू नका.

जाग आली तेव्हा भुलीत श्वासासाठी घातलेल्या नळीमुळे घसा खवखवत होता. हात हळूच पोटावर नेला. पट्ट्या बोटांना लागल्या, पण बेंबीपाशी नुसतं जडपण होतं. संध्याकाळी नणंदेच्या आधाराने कॉरिडॉरमध्ये फेरीही मारली.

रात्री मात्र उजवा खांदा ठणकायला लागला. ऑपरेशन पोटाचं आणि दुखतोय खांदा, मी घाबरलेच. सिस्टरने नीट समजावलं: ऑपरेशनसाठी पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात, त्याने श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा, ताणलं जातं, चिडतं. श्वासपटलाची नस मानेतून येते, म्हणून कळ खांद्यात जाणवते. भोकांपाशी दिलेलं इंजेक्शन तिथे पोचत नाही. हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं.

तोवर बेंबीपाशीही ओढ लागायला लागली होती, पण पॅरासिटामॉलची सलाईन त्याआधीच सुरू केलेली, त्यामुळे कळ सोसण्यापलीकडे गेली नाही. खोकला आला की पोटाशी उशी घट्ट धरायची, हे नणंदेने शिकवलं. खांदा पुढे चालण्याफिरण्याने आपोआप मोकळा झाला.

तुमचं ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञांना तीन गोष्टी विचारा: भोकांपाशी बधिर करायचं औषध देणार का, त्याचा असर ओसरायच्या आत पुढचं औषध कोणतं आणि कधी, आणि खांदा दुखला तर काय करायचं.