जुन्या बाजारातली अत्तराची कुपी

ड्रेस्डेनला दर शनिवारी एल्ब नदीच्या काठी, आल्बर्ट पुलापाशी जुना बाजार भरतो. आपल्या पुण्यातल्यासारखाच, पथारीऐवजी टेबलं, एवढाच काय तो फरक. तिथे एका आजीबाईंच्या काट्या-चमच्यांच्या ढिगाशेजारी चिनीमातीची अत्तराची कुपी दिसली. जेमतेम बोटभर उंच, पितळी बूच. अंगावर दोन लावे, एक फुललेली फांदी आणि बाकी नुसता पांढरा रंग. तळाला ८५ युरोची चिठ्ठी, आणि तिच्या कडेने डोकावणारी निळ्या रेघांची टोकं. माइसेन या नामांकित चिनीमातीच्या कारखान्याची खूण, एकमेकींना छेदणाऱ्या दोन निळ्या तलवारी! छातीत धडधडलं. "जरा फिरून येते" म्हणत सटकले ती थेट झ्विंगर राजवाड्यातल्या पोर्सिलेन संग्रहात.

हा संग्रह इथल्या सॅक्सनी प्रांताचा राज्यकर्ता बलदंड ऑगस्ट याचा. चिनीमातीचं वेड इतकं, की १७१७ साली त्याने प्रशियाच्या राजाला ६०० शिपाई दिले आणि बदल्यात १५१ नग घेतले! तोवर १७१० मध्ये त्याचा माइसेनचा कारखाना सुरू झालाच होता. जपानच्या अरिता गावची काकिएमोन शैली तिथले चित्रकार हुबेहूब गिरवू लागले: दुधाळ पांढरा रंग, एका कडेला लाल-हिरवी-निळी नक्षी, उरलेली जागा मोकळी. त्यातल्या 'पिवळा सिंह' नावाच्या नक्षीत बांबूभोवती चक्क पट्टेरी वाघ आहे. बारशाला कोणी मराठी माणूस नसावा.

पण मी रेंगाळले ती लमेरच्या भानगडीपाशी. हा पॅरिसचा व्यापारी. पॅरिसमध्ये जपानी मालाला जास्त भाव, म्हणून १७२९ च्या सुमारास त्याने माइसेनकडून जपानी नगांच्या नकला करून घेतल्या. राजाचा मंत्री होइम त्याला सामील. राजाच्याच संग्रहातले नग नमुन्यासाठी कारखान्यात पाठवले गेले. बऱ्याच नकलांवर तलवारींची खूण झिलईच्या खाली न काढता वर काढली होती, म्हणजे घासली की गेली! १७३१ मध्ये बिंग फुटलं, होइमला अटक झाली, लमेरची हकालपट्टी. पुढे माइसेनचंच नाव इतकं झालं, की एकोणिसाव्या शतकात इतर कारखाने आपल्या मालावर तलवारींसारख्या खुणा काढू लागले. आधी पुसायची धडपड, मग काढायची.

दीड वाजता धापा टाकत परतले. आवराआवर चालली होती. कुपी होती! आजीबाईंनी अंगठा ओला करून चिठ्ठी सोलली. दोन निळ्या रेघा, एकमेकींना छेदणाऱ्या. मी शहाण्यासारखं नख फिरवून पाहिलं.

"माइसेन?"

"पॅरिस," त्या हसल्या. "माइसेनची असती तर चमच्यांत ठेवली असती का?"

सत्तरला दिली.