पाच ग्रॅम चांदी आणि सव्वीस महिने : इंग्लंडमध्ये 'ट्रेझर' नोंदवतानाचा माझा अनुभव

आधी हिशोब सांगतो. शेतात मेटल डिटेक्टरवर सिग्नल लागल्यापासून वस्तू हातात यायला अकरा मिनिटं. शेतकऱ्याची परवानगी मिळवायला दोन आठवडे. वस्तूची तपासणी चार महिने. कोरोनर नावाच्या चौकशी अधिकाऱ्याच्या कार्यालयात तेरा महिने. यातल्या शेवटच्या आकड्यासाठी हा लेख आहे, बाकीचं ओघात येईल.

वस्तू म्हणजे सोळाव्या शतकातला कपड्याचा आकडा, इथे ज्याला ड्रेस हुक म्हणतात. मुलामा दिलेली चांदी, तीन पोकळ घुमट्या, त्यांवर पिळाच्या तारेची नक्षी, मागे चौकोनी कडी आणि एक हुक. वजन पाच ग्रॅम, लांबी जेमतेम अंगठ्याच्या पेराएवढी. ट्यूडर काळात कपड्याचा घोळ वर खोचून ठेवायला असे आकडे वापरत, आणि चिखलात ते गळून पडत. इंग्लंडच्या शेतांतून ते नेमाने निघतात, त्यामुळे हा काही लाखात एक शोध नव्हता. तरीही कायद्याने तो 'ट्रेझर', म्हणजे आपल्या भाषेत गुप्तधन.

गंमत अशी की कोणी लपवून ठेवलंय की नुसतं हरवलंय, याच्याशी या कायद्याला देणंघेणं नाही. ट्रेझर ॲक्ट १९९६ चा, लागू झाला सप्टेंबर १९९७ मध्ये. तो इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडला लागू आहे. स्कॉटलंडचे नियम वेगळे आणि जास्त कडक, तिकडे जाणार असाल तर आधी ते वाचा. ढोबळ नियम असा: नाणं नसलेली वस्तू तीनशे वर्षांहून जुनी आणि वजनाने किमान १० टक्के सोनं किंवा चांदी असेल तर ट्रेझर. नाणी सोन्याचांदीची असतील तर एकाच साठ्यातली दोन पुरतात, तांब्या-पितळेची असतील तर दहा लागतात. सुटं चांदीचं नाणं सहसा ट्रेझर नाही, पण त्याला भोक पाडून किंवा पिन जोडून दागिना केलेला असेल तर तेही यात येऊ शकतं. जुलै २०२३ अखेरपासून आणखी एक कलम आलं: दोनशे वर्षांहून जुनी, धातूची आणि इतिहासाच्या दृष्टीने असाधारण महत्त्वाची वस्तू, मग त्यात सोनंचांदी नसली तरी.

नोंद १४ दिवसांत करायची. सापडल्यापासून १४ दिवस, किंवा ही वस्तू ट्रेझर असू शकते असं लक्षात आल्यापासून. कायद्यात लिहिलंय कोरोनरला कळवा, व्यवहारात कळवायचं जिल्ह्याच्या फाइंड्स लायझन ऑफिसरला. सगळे त्याला एफएलओ म्हणतात. ही माणसं पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमची, म्हणजे लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणारी, ब्रिटिश म्युझियम आणि वेल्सचं राष्ट्रीय संग्रहालय चालवतात त्या योजनेची. ईमेलने कळवा, फोनवर बोलणं झालं तरी मागाहून ईमेल टाका, आणि पोच मागून घ्या. माझा एफएलओशी आलेला सगळा अनुभव चांगला. वस्तू दिली, त्यांनी ट्रेझरची पावती दिली, काही दिवसांत टी-क्रमांक आला. वर्ष, मग टी, मग आकडा, असा तो असतो. हा क्रमांक प्रत्येक ईमेलच्या विषयात लिहा. मी पहिले सहा महिने लिहिला नाही.

वस्तू धुऊ नका. ही सूचना सगळ्यांत वर असायला हवी होती, आता आठवली. मुलामा केसाहून पातळ असतो, अंगठ्याने माती चोळली की मातीतले वाळूचे कण त्यावर कायमचे ओरखडे पाडतात. लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट, ॲल्युमिनियम फॉइल आणि सोडा, हे सगळं घरात राहू द्या. मातीसकट भोकं पाडलेल्या प्लास्टिक पिशवीत ठेवा, खाली मऊ कागद, वर तारीख आणि ठिकाण.

आता ते तेरा महिने.

तपासणीचा अहवाल झाला की जवळच्या संग्रहालयांना विचारतात, तुम्हाला हवंय का? कोणालाच नको असेल तर चौकशी न होताच वस्तूवरचा सरकारचा हक्क सोडला जातो आणि ती परत मिळते. स्थानिक संग्रहालयाने मात्र 'हवंय' म्हटलं. अशा वेळी कोरोनरची चौकशी लागते. संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी तोच, आणि मध्ययुगापासून गुप्तधनाचं कामही त्याच्याकडेच. मृत्यूंची प्रकरणं आधी, हे मला शंभर टक्के मान्य. कोणाच्या तरी घरच्यांपेक्षा माझा पाच ग्रॅमचा आकडा महत्त्वाचा नाही.

पण माझी फाइल मृत्यूंच्या रांगेत मागे उभी नव्हती. ती रांगेत नव्हतीच. ती बाजूला ठेवली होती, कारण तिच्यातल्या दोन ओळींचं एकमेकींशी जुळत नव्हतं. आणि हे मला कोणी विचारलं नाही.

भानगड अशी. अर्जात शोधाची जागा दोन प्रकारे लिहायची: पॅरिशचं, म्हणजे गावपातळीवरच्या प्रशासकीय भागाचं नाव, आणि नॅशनल ग्रिडचा, म्हणजे ब्रिटनच्या नकाशावर आखलेल्या चौकोनांचा संदर्भ. ग्रिडमध्ये दोन अक्षरं आणि मग आकडे असतात. सहा आकडे म्हणजे शंभर मीटरचा चौकोन, आठ म्हणजे दहा मीटरचा, दहा म्हणजे एक मीटरचा. योजनेला शक्य तेवढे जास्त आकडे हवे असतात. माझ्या फोनने अक्षांश-रेखांश दिले, ते मी एका रूपांतर करणाऱ्या पानावर टाकले आणि दहा आकडे मिळवले. फोनचे अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस-८४ या मापनपद्धतीतले. ते पान मात्र जुन्या ब्रिटिश ओएसजीबी-३६ वर लावलेलं होतं. एवढ्याने जागा शंभरेक मीटर सरकते. नांगरलेल्या शेताच्या मधोमध हे कोणाच्या लक्षातही येत नाही. हे शेत ओढ्याला लागून आहे, आणि ओढा हीच दोन काउंट्यांची, म्हणजे जिल्ह्यांची हद्द. माझे आकडे ओढ्यापलीकडे पडले. पॅरिशचं नाव अलीकडचं.

कोरोनरचा अधिकार वस्तू जिथे सापडली त्या जागेवरून ठरतो, शोधणारा कुठे राहतो त्यावरून नाही. म्हणजे पॅरिश वाचली तर प्रकरण या कार्यालयाचं, आकडे वाचले तर शेजारच्या. चूक माझी होती, ती मी नाकारत नाही. एका ओळीचा ईमेल आला असता तर ती त्याच संध्याकाळी सुधारली असती. त्याऐवजी मला तीन वेळा एकच उत्तर आलं: प्रकरण तारखेच्या प्रतीक्षेत आहे. तारखेच्या प्रतीक्षेत म्हटल्यावर माणूस समजतो की कोणीतरी तारीख देणार आहे.

चौथ्या वेळी मी प्रश्न बदलला, आणि या लेखातून एकच गोष्ट उचलायची तर ही उचला. 'कधी होईल?' विचारू नका. 'माझ्याकडून कोणती माहिती अपुरी आहे?' असं विचारा, आणि 'हे प्रकरण तुमच्याच हद्दीत नोंदलंय ना?' हे पुढे जोडा. दोन दिवसांत खरं उत्तर आलं. पुढच्या आठवड्यात मी दुरुस्त संदर्भ, ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेच्या नकाशावर खूण केलेली प्रत आणि शेतकऱ्याच्या सहीचं पत्र पाठवलं. चौकशी लागली आणि ती चालली पंधरा मिनिटं. वस्तू ट्रेझर आहे का, कोणाला, कुठे, कधी सापडली, एवढेच प्रश्न. तेरा महिन्यांसाठी पंधरा मिनिटं!

तुम्हाला हे टाळायचं असेल तर फोनमध्ये थेट ग्रिड संदर्भ दाखवणारं ॲप ठेवा, खड्ड्याच्या शेजारी उभं राहून स्क्रीनचा फोटो काढा, आणि घरी येऊन तोच संदर्भ नकाशावर टाकून बघा की खूण बरोबर शेतात पडते का. हद्दीजवळचं शेत असेल तर एफएलओला तोंडी सांगा.

खणण्याबद्दल थोडं. कापणीनंतर धसकटं असताना किंवा पेरणीआधी रोलर फिरवून सपाट केलेल्या शेतात कॉइल, म्हणजे डिटेक्टरची खालची चकती, जमिनीला जवळजवळ टेकवून चालवा. ती प्रत्येक फेरीत आधीच्या पट्ट्यावर थोडी चढली पाहिजे. पावसानंतरची ओली माती सिग्नल खोलवरून देते. चांदीची लहान नाणी आणि कॅनच्या रिंगा डिटेक्टरवर जवळपास एकाच आकड्यांत येतात, म्हणून खणायला कंटाळला की रिंगांबरोबर चांदीही मातीत राहते. जास्त काय निघतं? बटणं, शिशाच्या गोळ्या, तुटके बकल, ट्रॅक्टरचे तुकडे. नांगरटीच्या थराखाली मात्र जाऊ नका. एका खड्ड्यातून दुसरी वस्तू निघाली की थांबा, माती परत टाका, एफएलओला फोन करा. १९९२ साली सफोकमध्ये हॉक्सनला एरिक लॉज शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधत होता, त्याला रोमन सोन्याचांदीचा साठा लागला. थोडं काढल्यावर तो थांबला, बाकीचं पुरातत्त्ववाल्यांनी शिस्तीत उकरलं. त्यामुळे कोणती वस्तू कशाशेजारी ठेवली होती हे आज माहीत आहे. हातोडाही सापडला, तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

परवानगी लेखी घ्या, आणि वाटणी तिथेच लिहून टाका. वस्तू घेणारं संग्रहालय देतं ते बक्षीस सहसा शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात निम्मं-निम्मं जातं. शेत कसणारा आणि मालक वेगळे असतील तर दोघांना विचारा. घुसखोरी केली किंवा नोंद लपवली तर बक्षीस कापलं जातं, प्रसंगी तुरुंगही होतो. हेरफर्डशरमध्ये २०१५ साली वायकिंग काळातला साठा लपवणाऱ्या दोघांना लांब शिक्षा झाल्या. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय डिटेक्टर चालवणं हा १९७९ च्या कायद्याखाली गुन्हा आहे. त्या हद्दी सरकारी 'मॅजिक' नकाशावर दिसतात, निघण्याआधी बघा.

भारतातल्या मित्रांनी विचारलं म्हणून: आपल्याकडचा गुप्तधनाचा कायदा १८७८ चा आहे. जमिनीत सापडलेल्या ऐवजाची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. दहा रुपये, तेव्हाचे. सुट्टीत गावी येताना यंत्र बरोबर आणून गडावर फिरवायची कल्पना डोक्यातून काढा. तिथे छंद नाही, गुन्हा होतो.

चौकशीनंतर किंमत ठरते. स्वतंत्र मूल्यांकन समितीपुढे आधी एका तज्ज्ञाचा किंमतीचा अंदाज जातो, तो तुम्हालाही पाठवतात. पटला नाही तर ठरल्या मुदतीत लिलावांतले तसल्याच आकड्यांचे भाव जोडून हरकत घेता येते. घुमट्या पिचलेल्या आणि मुलामा शाबूत, असा फरक लिहा. नुसतं 'कमी वाटतं' लिहून काही होत नाही. माझं मूल्यांकन ४८० पौंडांवर आलं. शेतकऱ्याला २४०, मला २४०. बक्षीस सोडून देऊन वस्तू संग्रहालयाला फुकट देता येते. मी नाही सोडलं. तेरा महिन्यांनंतर नाही.

शेवटची सूचना, जी पहिल्या दिवशी कोणी सांगितली नव्हती: एफएलओच्या हातात देण्याआधी वस्तूचे दोन्ही बाजूंनी, कडेने आणि मोजपट्टीसकट फोटो काढून ठेवा. आकडा आता काचेमागे आहे, आणि त्याची मागची बाजू कोणालाच दिसत नाही.