वेच्याच्या दिवसांतलं शिबिर

"सात दिवसांत गावाचं असं काय भलं होतं हो, सर?"

हा प्रश्न मला नागपूरच्या साळ्यानं विचारलाय, संमतीपत्रावर सही करताना पालकांनी विचारलाय, आणि एकदा एका शेतकऱ्यानं धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून तंबाखू मळत असा विचारला, की उत्तराची त्याला गरजच नव्हती. मी तालुक्याच्या कॉलेजात शिकवतो आणि राष्ट्रीय सेवा योजनेचं, म्हणजे एनएसएसचं काम बरीच वर्षं माझ्या गळ्यात आहे. आता खरं सांगतो: पहिली तीन वर्षं गावाचं काहीच झालं नाही. झालं असेल तर आमच्या पोरांचं.

पहिलं शिबिर जानेवारीत होतं. सकाळी अकराला आम्ही व्यसनमुक्तीची रॅली काढली. फलक, घोषणा, पुढे ढोलकी. गल्लीत दोन शेळ्या, आणि ओट्यावर एक म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. तिनं अख्खी रॅली जाऊ दिली आणि शेवटच्या पोराला हाक मारली, "कोनाले आयकवून राह्यले बापा? समदे येचाले गेले."

कापूस वेचायला. आमच्याकडे या दिवसांत दुपारी गावात माणूस सापडत नाही, हे मला ठाऊक नव्हतं थोडंच? शेतकऱ्याच्याच घरचा मी. पण शिबिराची तारीख पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पाहून ठरत नाही, हिवाळी पेपर पाहून ठरते.

त्याच शिबिरात वनराई बंधारा बांधला. सिमेंटच्या रिकाम्या चुंगड्या आणायच्या, रेती-माती भरायची, सुतळीनं तोंड शिवायचं आणि विटांसारखे सांधे चुकवत थर रचायचे. काम सोपं, दोन दिवसांत उरकतं, आणि फोटोत फार छान दिसतं. अट एकच. पावसाळा संपल्यावर नाला वाहता असतो तेव्हाच, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तो बांधला पाहिजे. आम्ही बांधला तेव्हा नाल्यात टिटव्या पायी फिरत होत्या. धुऱ्यावरचा तो शेतकरी इथलाच. सगळा बंधारा नीट न्याहाळून म्हणाला, "बांदला तं मस्त हाय, सर. पानी कोन्या साली येनार हाय?"

अहवालात मी लिहिलं: वनराई बंधारा, 1.

स्वयंसेवक म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पुण्या-मुंबईहून आलेली, टोप्या घातलेली पोरं येत असतील. आमचे स्वयंसेवक शेजारच्या गावांतलेच. सुटीत तेही वेचायला जातात, किलोमागे पैसे मिळतात, त्यातून फी निघते. एका मुलीचे वडील सही करायला आले आणि पेन हातात तसाच धरून म्हणाले, "सात दिस हे शिबिरात, तं हिच्या वेच्याचं काय?" सेवा फुकट नसते, तिचा रोज कुणाच्या तरी घरातून वजा होतो, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी काहीतरी प्रमाणपत्राचं बोललो. त्यांनी सही केली, पण माझ्या बोलण्यामुळे नव्हे.

शिबिरात एका दुपारी ज्यांच्याकडे आम्ही जेवत होतो, त्यांच्या वावरात गेलो, थोडी मदत करू म्हणून. वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला बोचतात. तासाभरात पोरांची बोटं रक्ताळली आणि वेचलेल्या कापसात निम्मा पालापाचोळा. ही पोरगी मात्र दोन्ही हातांनी, कपाशीच्या दोन ओळी धरून, मान वर न करता पुढे चाललेली. संध्याकाळी वजन केलं तर तिचा एकटीचा कापूस आठ पोरांपेक्षा जास्त. उत्कृष्ट स्वयंसेवकाचं प्रमाणपत्र त्या वर्षी भाषण करणाऱ्या पोराला मिळालं. त्यावर सही माझीच आहे.

मग 2016 च्या उन्हाळ्यात शेजारच्या वरूडमध्ये पाणी फाउंडेशनची वॉटर कप, म्हणजे गावागावांत श्रमदानानं पाणी अडवायची, स्पर्धा आली. पहिल्या वर्षी राज्यातले तीनच तालुके होते: वरूड, बीडमधलं अंबाजोगाई आणि साताऱ्यातलं कोरेगाव. वरूड म्हणजे संत्रा, आणि संत्र्यापायी बोअरवर बोअर मारून खोल गेलेलं पाणी. मी पोरं घेऊन एका गावात श्रमदानाला गेलो. पाणी मुरवायला उतारावर आडवे समतल चर खणताना सब्बल ठणकन वाजायची, इतकी जमीन तापलेली. पण माणसं होती! पहाटे, ऊन चढायच्या आत, बायका-पोरांसकट. एप्रिल-मेमध्ये वावरं रिकामी, हात मोकळे, आणि पाऊस महिन्या-दीड महिन्यावर.

यात नवी अक्कल काहीच नाही म्हणा. बाबा आमटेंची चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथची श्रमदानाची छावणीही मे महिन्यातच भरते. आणि गाडगेबाबा तर आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. गावात शिरले की दिवसा झाडू हातात, आणि कीर्तन रात्री. लोक वावरातून येऊन, जेवून बसले की मग. आम्ही त्यांच्या जयंतीला झाडू धरून फोटो काढतो, पण घड्याळ कुणी पाहिलं नाही.

एनएसएसमध्ये सात दिवसांच्या शिबिराखेरीज वर्षाला 120 तास काम करायचं असतं. या तासांकडे फारसं कुणी बघत नाही. मी ते ऑक्टोबरच्या रविवारांत घातले. सकाळी जायचं, अर्धा बंधारा, पुढच्या रविवारी उरलेला. पोरं वेच्याला मोकळी, गावही मोकळं. एक बंधारा परतीच्या पावसानं नेला, एक आम्ही जागा चुकवली म्हणून फुटला. पण धुऱ्यावरच्या त्या शेतकऱ्याच्या हरभऱ्याला एक पाणी जास्त मिळालं. एकच. त्या साली हरभऱ्याचे भाव पडले, ती गोष्ट वेगळी. आता कोजागिरीच्या आसपास त्याचाच फोन येतो: "नाल्याले पानी हाय, सर. शंभर चुंगड्या जमवल्या. पोट्टे कव्हा आनता?"

शिबिर अजून जानेवारीतच होतं. रॅलीही निघते, कारण अहवालात तिचा रकाना आहे. फक्त आता ती संध्याकाळी सातला निघते, दारादारांत माणसं असतात. म्हातारी तर ओट्यावर असतेच. मागच्या खेपेला तिनं मला थांबवून विचारलं, "ढोलकी कोन वाजवून राह्यला बापा? हात लय जड हाय त्याचा."