डाळिंबाच्या रसातलं व्हिटॅमिन सी

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी डाळिंबाच्या रसातलं व्हिटॅमिन सी मोजायचं होतं. नेहमीचं टायट्रेशन इथे अडतं: डायक्लोरोफिनॉल इंडोफिनॉल हे रंगद्रव्य टाकत फिका गुलाबी रंग दिसला की थांबायचं, पण रसच लालभडक! म्हणून व्होल्टामेट्री, म्हणजे इलेक्ट्रोडचं व्होल्टेज बदलत नेत वाहणारा प्रवाह मोजायचा. एस्कॉर्बिक आम्ल, म्हणजेच व्हिटॅमिन सी, इलेक्ट्रोडवर दोन इलेक्ट्रॉन सोडतं, त्या प्रवाहाला रंगाशी काय देणंघेणं?

इलेक्ट्रोड हातानेच केला. ग्रॅफाइट पावडर आणि पॅराफिन ऑइल, वजनाने साधारण 70:30, खलात घोटायचं. घोटणं कंटाळवाणं, पण पुढचं सगळं त्यावर अवलंबून. मग पेस्ट टोक कापलेल्या सिरिंजमध्ये ठासायची, मागून तांब्याची तार घालायची आणि तोंड बटर पेपरवर घासून गुळगुळीत करायचं. ही पेस्टची युक्ती रसायनशास्त्रज्ञ ॲडम्स यांनी 1958 साली मांडली. पृष्ठभाग खराब झाला की थोडी पेस्ट बाहेर ढकलून पुसून टाकायची, झाला नवा इलेक्ट्रोड.

कोऱ्या पेस्टवर व्हिटॅमिन सीचा पीक (प्रवाहाच्या ग्राफमधला उंचवटा) येतो, पण पसरट आणि जास्त व्होल्टेजला. म्हणून पेस्टमध्ये फेरोसीन, इलेक्ट्रॉनची ने-आण करणारं लोहाचं संयुग, मिसळलं. नुसत्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) फेरोसीनचे जाता-येता, म्हणजे व्होल्टेज चढवताना आणि उतरवताना, दोन पीक दिसतात. एस्कॉर्बिक आम्ल टाकलं आणि जातानाचा पीक उंच झाला, परतीचा जवळजवळ नाहीसा! ऑक्सिडाइज झालेल्या (इलेक्ट्रॉन गमावलेल्या) फेरोसीनला व्हिटॅमिन सी तिथल्या तिथे पूर्ववत करतं, परतीला उरतंच काय? प्रोजेक्टमधला सगळ्यात आवडलेला ग्राफ तो. अर्थात ऑक्सिडाइज झालेलं फेरोसीन पाण्यात सुटतही जातं, त्यामुळे पेस्ट वारंवार नवी करावी लागली.

रस ठेवून चालत नाही. हवा आणि तांब्याचे अंश मिळून व्हिटॅमिन सी खातात. म्हणून बफरमध्ये तांब्याला बांधून ठेवणारं ईडीटीए, आणि रस गाळला की लगेच मोजायचा. वेगळ्या प्रमाणित द्रावणांवरून काढलेल्या कॅलिब्रेशन रेषेपेक्षा स्टँडर्ड ॲडिशन (रसातच मोजून व्हिटॅमिन सी टाकायचं आणि पीक किती वाढतो ते पाहायचं) बरं पडलं, कारण रसातली इतर द्रव्यं पीक दाबतात.

पण रंगाने शेवटी गाठलंच. डाळिंबाला लाल करणारी अँथोसायनिन्स आणि बाकीची पॉलिफिनॉल्सही इलेक्ट्रोडवर ऑक्सिडाइज होतात, म्हणजे पीक एकट्या व्हिटॅमिन सीचा नव्हेच. उपाय एन्झाइमचा. एस्कॉर्बेट ऑक्सिडेज फक्त व्हिटॅमिन सी संपवतं, तेव्हा ते टाकण्याआधी आणि नंतर मोजायचं आणि फरक धरायचा. हे एन्झाइम काकडी-भोपळ्याच्या कुळातून मिळतं, पण विकतची बाटली महाग. गाईड मॅडमनी ती कुलूपबंद फ्रीजमध्ये ठेवली होती आणि थेंबाथेंबाचा हिशेब मागायच्या.