कलमांवर पांढरं आलंय, काय मारू?

पाऊस ओसरायला लागला की हे फोन सुरू होतात. "मॅडम, कलमांवर पांढरे चट्टे आलेत, काय मारू?" रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी बरीच वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. तेव्हा मागच्या बाकावर डुलक्या काढणारी मुलं आता आंब्याचे बागायतदार झाली आहेत आणि झाडाचं काहीही अडलं की मॅडमना विचारतात. माझं उत्तर दोन शब्दांचं असतं: काही नको. त्यावर फोनवर जी शांतता पसरते तिचा अर्थ मला पाठ आहे. फवारणी सांगितली नाही म्हणजे मॅडमना कळत नाही. म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

ते पांढरं, राखाडी, कधी पोपटी दिसणारं म्हणजे शैवाक, कॉलेजच्या पुस्तकातलं लायकेन. ते सालीवर बसतं, पण झाडाचं काही खात नाही. त्याला मुळं नसतात आणि झाडाचा रसही ते ओढत नाही. गोठ्याच्या भिंतीवर शेणी थापल्या म्हणून भिंत खंगत नाही, तसंच हे.

"पण मॅडम, झाड वाळायला लागलं की तेच वाढतं, ते कसं?" हा पुढचा प्रश्न असतो आणि तो रास्त आहे. झाडाचा पाला विरळ झाला की खोडावर आणि फांद्यांवर ऊन जास्त पोचतं. शैवाकाला ऊन हवंच असतं, त्यामुळे ते फोफावतं. आजार आधी, पांढरं नंतर. माझ्या एका विद्यार्थ्याने चाळीस वर्षांचं हापूसचं कलम तारेच्या ब्रशने घासून लख्ख केलं, वर मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रणही मारलं. मोरचुदातल्या तांब्याने उरलंसुरलं शैवाक मेलं आणि कलम दोन वर्षांत गेलं. तोडल्यावर बुंध्यात बोटभर जाडीची भोकं निघाली. खोडकिडा. त्याने पोखरलेला भुसा मुळाशी पडत होता आणि हा पठ्ठ्या वर मान करून चट्टे घासत होता. म्हणून फोनवर मी आता आधी विचारते, "बुंध्याशी भुसा दिसतोय का?"

एक अपवाद सांगून ठेवते, नाहीतर उद्या कुणी मला धरेल. पानांवर तांबूस, मखमली ठिपके दिसले तर ती गोष्ट वेगळी. ते सेफॅल्युरॉस नावाचं शैवल, म्हणजे शेवाळाच्या जातीचं, पानाच्या वरच्या पापुद्र्याखाली शिरून खरोखर त्रास देतं. त्याला औषध आहे. मी बोलतेय ते सालीवरच्या चट्ट्यांबद्दल.

आता हे शैवाक आहे तरी काय? दिसायला एक वनस्पती, पण आत दोघांचा संसार. कवक म्हणजे बुरशी घर बांधते, ओल धरून ठेवते, आणि तिच्या धाग्यांत अडकलेलं शैवल उन्हावर साखर तयार करतं. १८६७ साली सिमॉन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने हे मांडलं, आणि पुढे त्याने कवकाला धनी म्हटलं आणि शैवलाला गुलाम. शैवाकांवर हयात घालवलेले मोठमोठे लोक भडकले. आपण ज्याची जात-पोटजात ठरवत बसलो ती एक वस्तूच नाही, हे कुणाला आवडेल? नंतरच्या लोकांनी धनी-गुलाम टाकून दिलं आणि सहजीवन हा गोड शब्द आणला.

वर्गात मला या दोन्ही टोकांच्या मधली उपमा हवी होती. कोकणात ती आयतीच मिळते: खोत आणि कूळ. कुळानं राबायचं, कणगी खोताची भरायची. शैवलाने केलेल्या साखरेतला मोठा वाटा कवक घेतं. शास्त्रीय नावसुद्धा पूर्ण शैवाकाचं म्हणून जे लिहितात ते नियमाने फक्त कवकाचं असतं. सातबारा खोताच्या नावावर! इथवर पोरं हसायची. मग मी त्यांना माडाच्या बुंध्यावरचा विटकरी रंग दाखवायची. तोही चट्टाच, पण त्यात कवक नाही. ते ट्रेंटेपोलिया नावाचं शैवल आहे, जातीने हिरवं, पण गाजरातल्यासारख्या रंगद्रव्यात बुडालेलं. आपल्याकडच्या सालीवरच्या कितीतरी शैवाकांत राबणारं कूळ याच कुळीतलं. म्हणजे हे कूळ खोताशिवाय उघड्यावर मजेत जगतं. खोत मात्र कुळावाचून रानात सहसा दिसतच नाही. अर्थात सगळी कुळं इतकी मोकळी नाहीत. ट्रेबॉक्सिया नावाचं शैवल जगभरच्या शैवाकांत भेटतं, बाहेर एकटं क्वचितच. उन्हाने करपण्यापेक्षा खोताचं छप्पर परवडतं, असा त्याचा हिशोब असावा.

ही उपमाही २०१६ साली जरा लंगडी झाली. टोबी स्प्रिबिल हा शैवाकांचा अभ्यासक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतली दोन लोंबती शैवाकं तपासली. एक तपकिरी, दुसरं पिवळट आणि विषारी. कवक दोन्हींत तेच, शैवलही तेच. मग रंग आणि विष कुठून आलं? शोधता शोधता शैवाकाच्या स्वतःच्या वरच्या सालीत एक तिसराच निघाला, यीस्टच्या जातीचं वेगळं कवक, आणि पिवळ्यात ते जास्त होतं. पुढच्या पाहणीत दिसलं की असा तिसरा प्रत्येक शैवाकात नसतो. पण दीडशे वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली बघूनही घरातलं एक माणूस मोजायचं राहिलं होतं, ही गोष्ट मला फार आवडते.

घासायचंच असेल तर घासण्याआधी दहा पट मोठं दाखवणारं भिंग लावून बघा, एवढं तरी ऐका. आंब्या-फणसाच्या सालीवर पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने मोडी लिहावी तसे फराटे दिसतील. त्या वंशाचं नावच ग्राफिस, लिखाणावरून पडलेलं. ती अक्षरं म्हणजे कवकाची बीजाणू तयार करायची जागा. या लिहिणाऱ्या शैवाकांच्या कितीतरी जाती पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या पटवर्धन, मखिजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखून नोंदवल्या. सालीचे ते तुकडे लिफाफ्यांत घालून जपून ठेवलेले असतात. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला दप्तरखान्यात आल्यासारखं वाटलं होतं.

मुळं नाहीत, मग खातं काय? पाऊस, धुकं, धूळ, हवा. पानाला असतो तसा मेणाचा थर याच्यावर नाही, त्यामुळे जे येईल ते आत घ्यावं लागतं, विषसुद्धा. १८६६ साली विल्यम नायलँडर या शैवाकतज्ज्ञाने पॅरिसच्या लुक्झेंबुर्ग बागेत जी शैवाकं पाहिली ती शहरात इतरत्र दिसत नव्हती, आणि ही हवेची परीक्षा आहे हे त्याने ओळखलं. बाग तीच राहिली, कोळशाचा धूर वाढला, तिथली शैवाकंही गेली. १९८६ साली चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघातातली किरणोत्सारी धूळ उत्तर युरोपातल्या शैवाकांनी अशीच मुकाट झेलली. ती रेनडिअरनी खाल्ली, आणि तिथल्या सामी लोकांना आपल्याच कळपाचं मांस टाकून द्यावं लागलं. म्हणून कलमावर शैवाक आलं तर मी म्हणते, हवा बरी आहे तुझ्याकडे. मात्र हेही सरसकट खरं नाही. लखनौच्या रहदारीत आंब्याच्या खोडावर पिक्सिन कोकोज नावाचं शैवाक टिकून असतं, ते चिवट आहे. दाढीसारखी लोंबणारी जात दिसली तर खुशाल छाती फुगवा.

आता माझी खरी तक्रार. ज्या घरातून "काय मारू" असा फोन येतो त्याच घरात मसाल्याच्या डब्यात शैवाक असतं. दगडफूल! गोड्या मसाल्यात ते तेलावर परतल्याशिवाय वास सुटत नाही हे प्रत्येक घरात माहीत आहे. आयुर्वेदात त्याला शैलेय म्हणतात. नावात दगड असला तरी बाजारातलं बरंचसं झाडांच्या सालीवरून खरवडलेलं असतं. म्हणूनच निवडताना सालीच्या ढलप्या निघतात. आणि ते एका जातीचं नसतंच, चार-पाच जातींची सरमिसळ असते. एकदा मी पुडीतली पानं चिमट्याने सोलून आतल्या पांढऱ्या थरावर फरशी पुसायच्या ब्लीचचा थेंब टाकत बसले होते. काही तुकडे क्षणात लाल झाले, काही ढिम्म. लाल होणारे बहुधा पार्मोट्रेमा टिंक्टोरम. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मसाला करायचाय की मयताचा तपास?" (ते तुकडे टाकून दिले हो.)

मसाल्यासाठी याची शेती कुणी करत नाही. हिमालयात आणि दक्षिणेतल्या डोंगरांत लोक ते रानातून गोळा करतात, पोटासाठी करतात, त्यांना मी काय बोलणार? पण एकदा सालीसकट ओरबाडलं की तिथे परत यायला किती वर्षं लागतील याचा हिशोब घेणारा विचारत नाही आणि विकणारा सांगत नाही. उत्तराखंडच्या वनखात्याने २०२० साली मुनस्यारीला शैवाकांचं उद्यान केलं, लोकांना निदान ओळख व्हावी म्हणून. वाघाला वाचवायला पोस्टर निघतं. चट्ट्याला वाचवा म्हटलं तर लोक त्वचारोगतज्ज्ञाचा नंबर देतात.

ही वाढ किती मंद असते ते मी स्वतः मोजलंय. आमच्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, एका चिऱ्यावर आणि महामार्गाकडेच्या एका जुन्या वडावर मी दरवर्षी पारदर्शक कागद ठेवून एकेका चट्ट्याची कड गिरवायची, सन बाजूला लिहून ठेवायची. कागद एकावर एक ठेवले की रेषा जेमतेम सुटतात, कुठे एक मिलिमीटर, कुठे तेवढाही नाही. रुंदीकरणात वड गेला. त्याच्या बदल्यात रस्त्याकडेला रोपं लावली आहेत, अजून अंगठ्याएवढी. त्यांची साल गुळगुळीत आहे, वर काहीही नाही. परवा थांबून भिंग लावून पाहिलं.

गडग्यावरचा चट्टा शाबूत आहे. पावसात तो ओल पिऊन फुगतो आणि माप चुकतं, म्हणून नोव्हेंबरात, चिरा कोरडा झाला की कागद घेऊन बसेन. तोवर फोन करायचा तर आधी बुंध्याशी वाकून भुसा बघा.